सामन्याचा शेवटचा दिवस

(नभोवाणीवरील भाषण)



चेंडूफळीच्या खेळाबद्दल एक तक्रार घरोघरीं ऐकूं येते. ती करणारी मंडळी बहुधा खेळ न पाहणारी, पण घरांतल्या नभोवाणी-यंत्रावर पांच पांच दिवस चाललेला त्याचा गजर निमूटपणें सोसणारी असतात. "पांच दिवस खेळले आणि कोणी जिंकलेंच नाहीं? मग हा खटाटोप कशासाठीं?" असा त्यांचा सवाल असतो. खेळाचे भोक्ते या सवालाला हंसून उत्तर देतात, किंवा देतच नाहींत. मला मात्र तो सवाल रास्त वाटतो, आणि आजच्या भाषणांत त्याचें उत्तर देण्याचा माझा प्रयत्न आहे. ज्यांना खेळांतलें सारें ठाऊक आहे त्यांनीं थोडा धीर धरावा.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. सामना बरोबरींत सुटणें आणि सामना अनिर्णित राहणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. तालमींत दोन मल्ल बराच वेळ झुंजले आणि कोणीच चीत झाला नाहीं, म्हणजे कुस्ती बरोबरींत सोडवितात. चेंडूफळींत बरोबरी म्हणजे शेवटचा गडी बाद झाला असतां दोन्ही बाजूंच्या धांवांची बेरीज अचूक सारखी येणें. कसोटी सामन्यांच्या जवळजवळ दीडशें वर्षांच्या इतिहासांत हें दोनदांच घडलें आहे, १९६० सालीं ब्रिस्बेन येथें आणि १९८६ सालीं मद्रास येथें. अनिर्णित सामन्याची जात वेगळी. तेथें कोणतीच बाजू संपलेली नसते. संपतो तो वेळ.

याचें मूळ खेळाच्या एका विलक्षण नियमांत आहे. फुटबॉल किंवा हॉकींत शिटी वाजेल तेव्हां ज्याचे गोल अधिक तो जिंकला. चेंडूफळींत तसें नाहीं. प्रतिपक्षापेक्षां चारशें धांवा अधिक करून बसलेल्या संघालासुद्धां, समोरच्यांचे सारे गडी बाद केल्याखेरीज विजय मिळत नाहीं. म्हणून शेवटच्या दिवशीं मैदानावर तीन पक्ष असतात असें म्हणावयास हरकत नाहीं. एकाला धांवा हव्या असतात, दुसऱ्याला गडी हवे असतात, आणि तिसरें घड्याळ. तें कोणाच्याच बाजूचें नसतें, पण दुपारनंतर ज्याची स्थिति वाईट त्याच्या बाजूला तें हळूहळू सरकूं लागतें. कप्तानाचें सारें कौशल्य या तिसऱ्या पक्षाला ओळखण्यांत असतें.

हें मोघम बोलणें पुरे. आपण एका खऱ्या दिवसाकडे वळूं. दिवस ८ फेब्रुवारी १९४९ चा. स्थळ मुंबईचें ब्रेबोर्न मैदान.

जॉन गॉडर्ड यांच्या नेतृत्वाखालीं वेस्ट इंडीजचा संघ त्या हिंवाळ्यांत प्रथमच भारतांत आला होता. पांच कसोटी सामन्यांची मालिका होती. पहिले तीन सामने अनिर्णित राहिले. चौथा, मद्रासचा, वेस्ट इंडीजनें एका डावानें जिंकला. त्यांचे एव्हर्टन वीक्स तर धांवा काढतांना थांबण्यास तयारच नव्हते. मालिकेंत त्यांनीं ७७९ धांवा काढल्या. भारताच्या बाजूला १९३२ सालापासून खेळलेले सामने होते, पण एकही विजय नव्हता. सतरा वर्षें! स्वातंत्र्य येऊन दीड वर्ष झालें होतें आणि स्वतंत्र भारताच्या संघानें आपल्या मायदेशीं खेळलेली ही पहिलीच मालिका होती. मुंबईच्या या पांचव्या सामन्यांत काय पणाला लागलें होतें, तें यावरून ध्यानांत येईल.

पहिले चार दिवस आपण भराभर ओलांडूं. वेस्ट इंडीज २८६, भारत १९३. म्हणजे ९३ धांवांची पिछाडी. दुसऱ्या डावांत वेस्ट इंडीज २६७ धांवांत आटोपले. शुटे बॅनर्जी यांनीं ५४ धांवांत चार गडी टिपले. हे बॅनर्जी त्यावेळीं सदतीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या आयुष्यांतला हा एकुलता एक कसोटी सामना. भारताला विजयासाठीं ३६१ धांवा हव्या होत्या, आणि हातांत वेळ होता ३९५ मिनिटांचा.

गृहिणींना हिशेबाचें वावडें नसतें, म्हणून हा हिशेब जरा मांडून पाहूं. ३९५ मिनिटांत ३६१ धांवा म्हणजे तासाला सुमारें ५५. एका तासांत वीस षटकें पडलीं तर दर षटकाला पावणेतीन धांवा पुरतात. हें कांहीं अवघड काम नव्हे. पण त्या काळीं सामन्याचा शेवट घड्याळावर ठरे. तासांत किती षटकें टाकावयाचीं याचें बंधन गोलंदाजांवर नव्हतें. समजा, त्यांनीं वीसऐवजीं पंधराच षटकें टाकलीं. घड्याळ तेंच, धांवा त्याच, पण आतां दर षटकाला साडेतीनाहून अधिक धांवा हव्या. गोलंदाजानें आपल्या खुणेपर्यंत सावकाश चालत जावें, कप्तानानें दोन षटकांच्या मध्यें क्षेत्ररक्षकांना इकडून तिकडे हलवावें, बुटाची नाडी एकदां सोडून पुन्हां बांधावी. एकही चेंडू न टाकतां फलंदाजाचें काम अवघड होत जातें. हें सारें दुरून पाहणाराला आळस वाटतो. त्यांत आळस मुळींच नसतो. तो मिनिटांचा व्यापार असतो, आणि व्यापारी फार जागरूक असतात.

३६१ ही संख्या त्यावेळीं आवाक्याबाहेरची समजली जाई काय? सहा-सात महिन्यांपूर्वीं, जुलै १९४८ मध्यें, लीड्स येथें ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियानें शेवटच्या दिवशीं अवघे तीन गडी गमावून ४०४ धांवा काढल्या होत्या, त्याही सुमारें पावणेसहा तासांत. त्या सामन्याची एक गंमत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडचे कप्तान यार्डली यांनीं आपला डाव आदल्या संध्याकाळीं न सोडतां शेवटच्या सकाळीं मुद्दाम दोन षटकें चालूं ठेवला. धांवांसाठीं नव्हे, फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कप्तानाला सकाळीं खेळपट्टीवर रूळ फिरवून घेण्याचा हक्क असतो, त्या हक्काचा लाभ घ्यावा, जड रुळानें ती जुनी खेळपट्टी आणखी भंगावी, आणि नंतर ऑस्ट्रेलियाची अडचण व्हावी, हा त्यांतला डाव. खेळपट्टी भंगली किंवा न भंगली, ब्रॅडमन आणि मॉरिस कांहीं भंगले नाहींत. शेवटच्या दिवसाच्या युक्त्या अशाही असतात, आणि त्या नेहमींच फळतात असें नाहीं.

पण ब्रेबोर्नवर भारताची सुरुवात कशी झाली? नऊ धांवांत दोन गडी बाद! कप्तान अमरनाथ यांनीं ३९ धांवा काढून पडझड सांवरली, तेही गेले, आणि चौथ्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हां फलकावर ३ गडी बाद ९० होते. शेवटच्या दिवशीं हव्या होत्या २७१ धांवा. मैदानावर उभे होते रुसी मोदी आणि विजय हजारे.

आतां त्या सकाळीं दोन्ही कप्तानांच्या मनांत काय चाललें असेल तें पाहूं. हरण्याचें भय दोघांना सारखें नव्हतें, आणि मला वाटतें, त्या दिवसाची सारी गुरुकिल्ली या एका गोष्टींत आहे. भारत मालिकेंत एका सामन्यानें मागें होता. हा सामना अनिर्णित राहिला काय किंवा हरला काय, मालिका गेलीच. म्हणून भारतानें धोका पत्करण्यांत शहाणपण होतें. उलट गॉडर्ड यांच्या हातांत मालिका आलेलीच होती. ती निसटण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे हा सामना हरणें. त्यांना जिंकण्याची निकड नव्हती. तरी पण सकाळीं सात गडी शिल्लक असतांना त्यांनीं बचावाचा विचार करणें भ्याडपणाचें झालें असतें. गडी लवकर पडले तर विजयच, आणि गडी पाडण्याखेरीज धांवा थोपविण्याचा खात्रीचा उपायही दुसरा नाहीं. तंबूंत गेलेला फलंदाज धांवा काढीत नाहीं. म्हणून अशा सकाळीं क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या भोंवतीं जवळजवळ उभे करतात, स्लिपमध्यें झेल टिपणारे हात वाढवितात, आणि त्यामुळें मैदानाचा बाकीचा भाग मोकळा पडतो. धांवा त्या मोकळ्या भागांतून वाहतात. एकाच मांडणींत गडी आणि धांवा या दोहोंचें दार उघडें असतें. कोणत्या दारानें काय येईल, तें फलंदाजावर अवलंबून.

तेथें हजारे होते. सांगलीचा हा अबोल माणूस वर्षापूर्वींच, जानेवारी १९४८ मध्यें, ॲडलेड येथें ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटींत दोन शतकें ठोकून आला होता. बॅट पायाशीं धरून तासन् तास उभें राहण्याची त्यांची तयारी असे. पण सैल चेंडू सोडण्याची मुळींच नसे. दुसऱ्या टोंकाला मोदी, उंच, किडकिडीत, मनगटाचे नाजुक फटके मारणारे. त्या मालिकेंत ५६० धांवा काढून भारतीयांमध्यें तेच पुढें होते. या दोघांनीं चौथ्या गड्यासाठीं १३९ धांवांची भर घातली. धावफलक ८१ वरून २२० वर गेला. मोदी ८६ धांवा काढून बाद झाले, तोंपर्यंत सामन्याचा रंग पालटला होता.

हा पालट मैदानावर कसा दिसतो? जोडी जमली कीं स्लिपमधला एक जण हळूच मागें जातो. मग आणखी एक. थोड्या वेळानें सीमारेषेवर माणसें उभीं राहतात. चौकार थांबतो आणि त्याच्या जागीं एक धांव मिळूं लागते, कारण एक धांव द्यावयास गोलंदाज आतां राजी असतो. चेंडू यष्टीच्या रोखानें यावयाचा तो पायाच्या बाहेरच्या बाजूला पडूं लागतो. तेथें मारावा तर झेल, सोडावा तर एक चेंडू आणि अर्धें मिनिट फुकट. प्रेक्षक ओरडतात, "यष्टीवर टाक!" गोलंदाज ऐकत नाहीं. तो कप्तानाचें ऐकतो, आणि कप्तान घड्याळाचें. वेस्ट इंडीजनें त्या दुपारीं चेंडू बाहेर टाकण्याचा आणि वेळ काढण्याचा मार्ग धरला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिच्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ राग व्यक्त झाला. माझें मत थोडें वेगळें आहे, तें पुढें सांगतों.

हजारे १२२ धांवा काढून बाद झाले तेव्हां अजून सत्तर-ऐंशी धांवा हव्या होत्या. येथून पुढें फलंदाजी करणाऱ्या कप्तानाची परीक्षा सुरू होते. धांवा सोडून गडी राखावे कीं गडी उधळून धांवा लुटाव्या? यांत मधला मार्ग नसतो; मधला मार्ग शोधणारा संघ बहुधा दोन्ही गमावतो. भारतानें पाठलाग सोडला नाहीं. दुसऱ्या बाजूला प्रायर जोन्स वेगानें चेंडू फेंकीत होते. त्यांनीं डावांत ८५ धांवांत पांच गडी बाद केले. अधिकारी गेले, बॅनर्जी गेले. हेच बॅनर्जी १९४६ सालीं इंग्लंडांत सरेविरुद्ध सरवटे यांच्यासह शेवटच्या जोडीनें २४९ धांवा काढून गाजले होते. त्यांच्याकडून आशा बाळगणें वेडेपणाचें नव्हतें. पण असे चमत्कार मागणीबरहुकूम होत नसतात.

आठ गडी बाद झाले. दत्तू फडकर यांच्या साथीला गुलाम अहमद आले. फलकावरच्या आकड्यांवरून दोन गडी शिल्लक दिसत होते. पण यष्टिरक्षक प्रबीर सेन दुखापतीनें जायबंदी झालेले, त्यांच्या जागीं स्वतः कप्तान अमरनाथ यांना यष्टीमागें उभें राहावें लागलेलें. म्हणजे खरें पाहतां ही शेवटचीच जोडी. एक झेल, एक चुकलेला चेंडू, आणि सामना हातचा गेला असता. कोल्हापूरच्या या तेवीस वर्षांच्या तरुणानें अशा वेळीं काय केलें? तो मारीत राहिला. गुलाम अहमद यांना जमेल तितकें दूर ठेवावें, दोन धांवांच्या जागीं दोनच घ्याव्या, एकीच्या जागीं ती घ्यावी कीं नाकारावी याचा निर्णय क्षणांत करावा, आणि या सगळ्यांत मनगटावर घड्याळ नसतांना वेळेचें भान ठेवावें. घड्याळ पंचांपाशीं असतें. फलंदाज केवळ अंदाज बांधतो.

धांवा ३५५ झाल्या. विजयाला सहा हव्या. आणि पंचांनीं यष्टीवरच्या बेल्स उचलल्या.

वेळ संपली होती काय? नाहीं. सुमारें दीड मिनिट शिल्लक होतें, आणि चालूं षटकांतला एक चेंडू टाकावयाचा राहिला होता. पंचांकडून चूक झाली. मैदानावरच्या कल्लोळांत आणि मनावरच्या ताणांत ती झाली, एवढेंच म्हणतां येईल. पण या चुकीचें मोल कळण्यासाठीं एक नियम समजून घेतला पाहिजे. सुरू झालेलें षटक वेळ संपली तरी पुरें करावयाचें असतें. आणि वेळ संपण्यापूर्वीं पंच नेहमींच्या चालीनें आपल्या जागीं पोंचले तर नवें षटक सुरू करावयाचें असतें. दीड मिनिटांत राहिलेला चेंडू टाकून नवें षटक सहज सुरू झालें असतें, आणि सुरू झालेलें षटक मग पुरेंही करावें लागलें असतें. म्हणजे सहा धांवांसाठीं सात चेंडू! फडकर ३७ धांवांवर नाबाद, गुलाम अहमद ९ वर नाबाद, आणि दोघेही तंबूकडे चालूं लागलेले.

येथें आपल्या मंडळींचा संताप अनावर होतो. मीं तो निरनिराळ्या पिढ्यांच्या तोंडून ऐकला आहे. कांहीं जण पंचांना दोष देतात, कांहीं गॉडर्ड यांना. पंचांची चूक ही चूकच. पण त्या सात चेंडूंत गुलाम अहमद यांची मधली यष्टीही उडाली असती, आणि मग वेस्ट इंडीज बेटांवर तिची आठवण आनंदानें निघाली असती. राहिले गॉडर्ड. त्यांनीं नियमांत बसणारें सारें केलें आणि संघाचा पराजय टाळला. त्या दिवशीं अमरनाथ त्यांच्या जागीं असते तर त्यांनीं भराभर षटकें टाकून घेतलीं असतीं, असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल? नियमांत फट असेल तर तिचा दोष नियम करणाऱ्यांचा. आणि सहा धांवा कोठें गेल्या याचाच शोध घ्यावयाचा असेल तर तो पांचव्या दिवसाच्या संध्याकाळीं कशाला? पहिल्या डावांतल्या १९३ धांवांत तो आधीं घ्यावा. पहिल्या दिवशीं सोडलेली धांव शेवटच्या दिवशीं व्याजासह मागितली जाते, आणि सावकार फार कडक असतो.

नियमांतली ती फट पुढें बरीचशी बुजविण्यांत आली. शेवटच्या तासांत ठराविक षटकें टाकलींच पाहिजेत असें बंधन आलें. मूळ नियमांत हीं वीस षटकें आहेत. कसोटी सामन्यांत आज पंधरा टाकतात, आणि दिवसभरांत किमान नव्वद षटकें व्हावीं असा दंडक आहे. मुद्दाम वेळ दवडणाऱ्या संघाला, ताकीद देऊनही तो न सुधारल्यास, प्रतिपक्षाच्या खात्यांत पांच धांवांचा दंड भरावा लागतो. शेवटच्या तासाचें चलन त्यामुळें मिनिटांऐवजीं षटकें झालें. फलंदाजाला आतां पंचांच्या मनगटाकडे पाहावें लागत नाहीं.

पण त्यामुळें ताण कमी झाला अशी कोणाची समजूत असेल तर त्यांनीं १९७९ सालचा ओव्हल मैदानावरचा सामना आठवावा. इंग्लंडनें भारतापुढें ४३८ धांवा ठेवल्या होत्या. शेवटचीं वीस षटकें सुरू झालीं तेव्हां भारताच्या एक गडी बाद ३२८ झाल्या होत्या. वीस षटकांत ११० धांवा, नऊ गडी हातांत, आणि सुनील गावसकर मैदानावर. दुसरा गडी ३६६ वर बाद झाला, आणि भरंवशाचे विश्वनाथ यांच्याआधीं कपिल देव यांना पाठविण्यांत आलें, कारण फटकेबाजी हवी होती. ते शून्यावर बाद झाले. निर्णय चूक होता कीं नशीब चुकलें, यावर अजून वाद चालतात. मला तो निर्णय घाईचा वाटतो, पण घाई करण्याचीच ती वेळ होती हेंही खरें. गावसकर २२१ धांवा काढून परतले. सामना संपला तेव्हां भारताच्या ८ गडी बाद ४२९ झाल्या होत्या. ब्रेबोर्नवर सहा धांवा कमी, ओव्हलवर नऊ; दोन्हीकडे आठ गडी बाद, दोन्हीकडे कोणी जिंकलें नाहीं. मघांशीं ज्यांनीं विचारलें कीं कोणी जिंकलेंच नाहीं तर खटाटोप कशासाठीं, त्यांनीं या दोन संध्याकाळीं मैदानावर किंवा नभोवाणीपाशीं बसलेल्या कोणालाही गांठावें. त्यांना उत्तर शब्दांत मिळणार नाहीं कदाचित्. पण ओव्हलच्या त्या शेवटच्या षटकांत आपण कोठें बसलों होतों, तें सांगणारे पुष्कळ भेटतील.

ब्रेबोर्नच्या मंडळींचें पुढें काय झालें, तें सांगून भाषण संपवितों. तीन वर्षांनंतर, फेब्रुवारी १९५२ मध्यें, मद्रास येथें भारत इंग्लंडविरुद्ध खेळला. कप्तान हजारे होते. संघांत अमरनाथ होते, फडकर होते, गुलाम अहमद होते. १९४९ सालीं जायबंदी होऊन बसलेले प्रबीर सेन या सामन्यांत यष्टीमागें उभे राहिले आणि त्यांनीं पांच फलंदाजांना यष्टिचीत केलें. विनू मंकड यांनीं दोन डावांत मिळून बारा गडी बाद केले. भारत एक डाव आणि आठ धांवांनीं जिंकला. वीस वर्षांतला पहिला विजय तो हाच. सामना चौथ्याच दिवशीं संपला, आणि पंचांच्या घड्याळाकडे पाहण्याचें कोणाला कारणच पडलें नाहीं.